परत आलेली नऊवारी

परत आलेलं पार्सल चाची आधी नाकाला लावायची.

"आली बघा माहेरवाशीण," म्हणायची, मग पिशवी फाडून आतल्या नऊवारीत नाक खुपसायची. "हळद हाय. मोगरा हाय. आणि हे काय, मसालेभात! जेवण झ्याक हुतं रं लगनात."

आता तुम्ही म्हणाल, न वापरता परत आलेल्या साडीला मसालेभाताचा वास कसा? तेच तर सांगतोय.

चाची आमच्या गल्लीतली. तिला चांगलं नाव होतं, पण लहानथोर सगळे तिला चाचीच म्हणायचे. शिवलेली नऊवारी ही तिची खासियत. काष्टा, निऱ्या सगळं आधीच शिवलेलं. पोरींनी नुसती पायात घालून वर ओढायची आणि हूक लावायचा. उभी हयात तिनं पेठेतल्या दुकानांसाठी शिवण्यात घालवली. शिवायचं हिनं आणि लेबल दुकानदाराचं. मग तिच्या लेकीनं लग्न होऊन हुपरीला जायच्या आधी मोबाइलवर चाचीचं स्वतःचं ऑनलाइन दुकान उघडून दिलं. गल्लीच्या तोंडाला माझा फोटो स्टुडिओ. साड्यांचे फोटो काढायचं आणि मोबाइलवर आलेलं वाचून दाखवायचं काम आपोआप माझ्या गळ्यात पडलं.

तिच्या नावाची लेबलं छापून आली त्या दिवशी तिनं गल्लीभर पेढे वाटले. मी विचारलं, "चाची, पेढे कशाचे?"

"नावाचे," म्हणाली.

सुरुवातीला धंदा जोरात चालला. नागपूर, नाशिक, कुठनं कुठनं मागणी यायची. चाची गावाचं नाव ऐकून विचारायची, "तिकडं आपल्यागत तांबडा रस्सा करत्यात का रं?" आणि माझ्या उत्तराची वाट न बघता मशीन सुरू करायची.

मग ज्या कंपनीच्या ॲपवर हे दुकान होतं तिनं माल परत करायची मुदत आठवड्यावरून महिन्यावर नेली. गिऱ्हाइकाच्या सोयीसाठी. मलाही बरंच वाटलं होतं, खोटं कशाला बोलू? मीही ऑनलाइन बूट मागवतो, चावले तर परत करतो. पण नऊवारीचं गणित वेगळं. महिनाभरात हळद होते, लग्न होतं, सत्यनारायण होतो, आणि वर बहिणीच्या मैत्रिणीचं डोहाळजेवणसुद्धा उरकतं. अट एकच, साडीचा टॅग निघालेला नको. मग काय, टॅग आत खोचायचा, मिरवायचं, घडी घालायची आणि परत. कारण लिहायचेही कष्ट नाहीत. तयार कारणांतलं एक दाबायचं. बहुतेक जणी 'दर्जा खराब' दाबायच्या, कारण ते सगळ्यात वर होतं.

"इस्त्री मारून दुसरीकडं पाठव की," मी एकदा म्हणालो. "सगळे तेच करतात."

चाची उसळलीच. "व्हय? तुझ्या बहिणीला दुसरीची नेसलेली नवी म्हणून दिली तर चालंल? दात काढून बोलतोस वर!"

परत आलेल्या साड्या ती धुऊन गल्लीतल्या बायकांना देऊन टाकायची. त्या वर्षी आमची गल्ली जेवढी नटली तेवढी कधी नटली नव्हती. गणपतीच्या आरतीला ओळीनं नऊवाऱ्या उभ्या. बायका खूश, आम्ही फोटो काढतोय. ते सगळं एका बाईचं नुकसान अंगावर घालून उभं होतं, हे तेव्हा कुणाच्या डोक्यातच आलं नाही. आज ते फोटो मला बघवत नाहीत.

मग कंपनीचा मेसेज आला. तक्रारी फार झाल्या आहेत, दर्जाबद्दल आणखी एक तक्रार आली तर दुकान बंद करण्यात येईल. मी वाचून दाखवला.

"पैशाचं जाऊ दे रं," चाची म्हणाली. "पण माझ्या नावाखाली 'खराब' लिवलंय. दुकानदारासाठी शिवत हुतो तवा कुणी असलं बोललं न्हाय."

त्याच सुमारास गल्लीतल्या एका पोराचं लग्न हातकणंगल्याला होतं. फोटोची ऑर्डर माझी. सगळी गल्ली वडापच्या दोन जीपगाड्या करून गेली, चाचीही आली. वरातीपुढं नवरीची चुलतबहीण नाचत होती. वांगी रंगाची नऊवारी, हिरवे काठ. चाचीनं माझं कोपर दाबलं. "आपली हाय."

पोरगी अशी नाचत होती की बघत राहावं. आणि नाचता नाचता मागं कमरेशी टॅग बाहेर आला. दोन पोरं बघून हसायला लागली. मी म्हटलं आता चाची काय करते! ती सरळ गर्दीत घुसली.

"थांब गं पोरी जरा," म्हणून तिनं टॅग आत सारला, वरनं पदर नीट केला. "लई ग्वाड दिसतीस."

"थँक्यू काकू. ऑनलाइन घेतलीय."

"व्हय? चांगली मिळाली की," चाची म्हणाली. तिचा हात टॅगशी पोचला तेव्हाच मी फोटो काढला होता.

वांगी नऊवारी परत आली. कारण, 'दर्जा खराब'. या वेळी चाचीनं वास घेतला नाही.

मी मात्र पेटलो होतो. कंपनीकडे हरकत घ्यायची सोय होती, पुरावा जोडायचा. आणि पुरावा माझ्याकडं होताच! नाचणारी पोरगी, साडी, टॅगसकट. "चाची, एवढा फोटो पाठवतो, दुकान वाचतंय बघ."

"न्हाय पाठवायचा."

"अगं, का पण?"

"नवी नवरी आपल्या गल्लीची सून हाय. तिच्या बहिणीनं असं केलं म्हणून सासू तिला जन्मभर ऐकवंल. गल्लीत काय लपून ऱ्हातंय व्हय?" मग म्हणाली, "आणि लगनातला फोटू हाय त्यो. भांडणात घालू नगंस."

मी खूप डोकं लावलं. चिडलो, पाया पडलो. तिनं ऐकलं नाही. दुकान बंद झालं. तिचं नाव टाकून शोधलं तर मोबाइल म्हणायचा, असं काही सापडत नाही.

पेठेतल्या दुकानात ती परत गेली नाही. मशीन विकलं आणि हुपरीला लेकीकडं गेली. तिथं घरोघरी चांदीचं काम. फोनवर म्हणाली, "पैंजणाला घुंगरं लावतो आता. बरं चाललंय." बरं चाललेलं माणूस इतक्या हळू बोलत नाही हो.

ती नवी नवरी लग्नानंतर लगेच नवऱ्याबरोबर पुण्याला गेली होती. परवा आली अल्बमचे फोटो निवडायला. बहिणीच्या नाचाच्या फोटोवर थांबली.

"भावजी, हा मोठ्ठा करा. पण मागनं हा कुणाचा तरी हात आलाय बघा कमरेशी, तेवढा कापा. कोण आहे ही बाई?"

"आमच्या गल्लीतली चाची. आता इथं नसते."

"मग कापला तर चालेल की."

कापता येतो. दोन मिनिटांचं काम आहे.

"नाही येत," मी म्हणालो. "साडी पण कापली जाईल."