नर्सिंग कॉलेजचं स्थळ

सकाळी चहा उकळत होता आणि चुलतभाऊ देवानंदचा फोन आला. "मोठेबाबा गेले," एवढंच म्हणाला. नव्वदीच्या घरातला माणूस, झोपेतच गेला. रडावं असं काही नव्हतं, तरी गॅस बंद करायचं भान राहिलं नाही आणि चहा सगळा ओट्यावर आला. ही नासाडी त्यांना मुळीच खपली नसती.

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, देवानंदचे वडील. गोंडपिपरीजवळच्या आमच्या गावात शेती करायचे, पण आसपासच्या गावांत त्यांची खरी ओळख सोयरिकी जमवणारा माणूस अशी होती. कुणाच्याही मुलीसाठी स्थळ पाहायला जायचं की मोठेबाबांना पुढे घालत. त्यांची पाहण्याची रीत ठरलेली. नवऱ्या मुलाशी फारसं बोलायचं नाही. आधी पाणी मागायचं, मग हात धुवायच्या निमित्ताने मागच्या दारी जाऊन चूल, विहीर आणि घरातल्या बायकांचे चेहरे बघून यायचं. शेवटी मुलीला बाजूला घेऊन तिचं मत विचारायचं. त्या काळात मुलीला विचारतं कोण? त्यापायी जमत आलेल्या काही सोयरिकी त्यांनी मोडल्या होत्या आणि काही वरबाप त्यांच्यावर कायमचे खार खाऊन होते.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी बारावी सायन्स चांगल्या मार्कांनी पास झाले आणि नर्स होणार असं जाहीर केलं. त्याला कुणाची ना नव्हती, घोळ होता तो कुठे शिकायचं याचा. चंद्रपूरला दीड वर्षाचा एएनएमचा कोर्स होता. तो केला की अहेरीकडे कुठल्याही आरोग्य उपकेंद्रात लगेच नोकरी, असं सगळे सांगत. नागपूरला जनरल नर्सिंगचा डिप्लोमा होता. आणि मुंबईला होती चार वर्षांची डिग्री, सगळी इंग्रजीतून. डिग्री घेतली तर पुढे शिकवताही येतं, असं आमच्या सायन्सच्या मॅडम म्हणाल्या होत्या आणि तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नव्हतं. पण घरात मुंबईचं नाव काढायची माझी छाती होत नव्हती. बाबांनी निर्णय मोठेबाबांवर सोपवला, आणि मोठेबाबांनी त्यांना जे येत होतं तेच केलं. पोरगी परक्या घरी धाडायची तर घर पाहूनच धाडू, असं म्हणून गावातली चार जाणती माणसं आणि मला घेऊन ते एसटीने चंद्रपूरला निघाले.

ट्रेनिंग स्कूलच्या दारात आमची वरात पाहून सिस्टरबाईंना वाटलं, पेशंट आणलाय. त्रास कुणाला होतोय, असं त्यांनी विचारलं. मोठेबाबांनी गंभीरपणे सांगितलं की त्रास कोणालेच नाई, आम्ही पाहायला आलो. मग पाणी मागितलं. हात धुवायला म्हणून उठले ते थेट होस्टेलच्या स्वयंपाकघरात शिरले, वरणाच्या गंजावरचं झाकण उघडून पाहिलं, ताटं धुणाऱ्या मुलींना त्यांची गावं विचारली. सिस्टरबाई त्यांच्या मागे धावताहेत, मी शरमेने अर्धी झालेली... परतले ते मात्र खूश होऊन. वरण घट्ट होतं, मुली हसतखेळत होत्या, बाई कडक असल्या तरी मायेच्या होत्या. बरोबरच्या मंडळींनी तर जमलंच असं समजून पानाचे डबे काढले.

मग त्यांनी मला नळाजवळ नेलं.

"मंदे, तू काय म्हणतेस?"

"चालते," मी म्हणाले.

"आतापर्यंत ज्या ज्या पोरीनं मले 'चालते' म्हटलं, तिचं मन दुसरीकडेच होतं. सांग, तुले कुठी जाचं आहे?"

मुंबईला, असं म्हटलं आणि मला रडूच फुटलं. त्यांनी मंडळींना जाऊन सांगितलं, स्थळ एक नंबर आहे, पण पोरीले पसंत नाई. परतीच्या एसटीत त्यांच्याशी कुणी बोललं नाही आणि ते खिडकीला डोकं टेकून मस्त झोपले.

मुंबईच्या मुलाखतीत माझी निवड झाली. पोचवायला मोठेबाबाच आले. तिथेही त्यांनी पाणी मागितलं, तिथेही स्वयंपाकघर पाहून आले आणि वरण पातळ आहे असा शेरा दिला. निघायची वेळ झाली. मुलगी सासरी पोचवली की आमच्याकडची माणसं हात जोडून म्हणतात, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. मोठेबाबांनी वॉर्डनबाईंपुढे हात जोडले आणि तसेच थांबले. मग माझ्याकडे वळले.

"हे सासर नोहे, मंदे. नाई जमलं तर निघून येजो. मी आहे. इतक्या पोरी धाडल्या, पण एकीलेही असं म्हणता नाई आलं मले."

पहिल्या सुट्टीत घरी गेले तर त्यांच्या मागच्या अंगणात नवी खोली उभी. मातीच्या भिंती, वर कवेलूंचं छप्पर, दाराला आतून भक्कम कडी. ही कोणासाठी, असं मी मोठीआईला, म्हणजे त्यांच्या बायकोला, विचारलं. तुह्यासाठी, नाई जमलं तर, असं ती म्हणाली आणि भाकरी थापायला लागली. त्यानंतर जी जी मुलगी त्यांनी लग्न लावून धाडली, तिच्या कानात या खोलीचं सांगितलं. काही जणी आल्या. कुणी महिनाभर राहून, समेट झाल्यावर परत गेली, एक तर शिवण शिकून स्वतःच्या पायावर उभी राहिली. सोयरिकीची बोलावणी हळूहळू कमी झाली, पण मोठेबाबांना त्याचं सुखदुःख नव्हतं.

मोठेबाबांच्या स्मरणार्थ पुण्यानुमोदन होतं, त्या दिवशी मी गावी गेले होते. कार्यक्रम आटोपल्यावर देवानंद म्हणाला, मागची खोली पाडून गाडी ठेवायला जागा करावी म्हणतो. मी जाऊन पाहिलं. जिवतीकडची एक मुलगी आत गहू निवडत बसली होती, मोठेबाबा जायच्या थोडं आधी आलेली. तिने मला बसायला चटई टाकली.

मला त्या खोलीत एक दिवसही राहावं लागलं नाही. इंग्रजी कळेना तेव्हा, वॉर्डात पहिल्यांदा माझ्यासमोर पेशंट गेला तेव्हा, बोलीवरून मुली हसल्या तेव्हा, सामान बांधावं असं कितीदा मनात आलं. उद्या जाऊ, खोली तर आहेच, असं म्हणत म्हणत डिग्री झाली, आणि पुढे आयुष्यभर मुलींना शिकवलं.

देवानंदला म्हटलं, गाडी रस्त्यावर उभी कर.