डॉक्टरांनी न दिलेलं पथ्य

आमच्या ह्यांचं प्रोस्टेटच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. पहिल्या तपासणीला डॉक्टर मला म्हणाले, "आजी, तुम्ही जरा बाहेर बसा." बसले. हे बाहेर आले ते खाली बघतच. विचारलं तर म्हणाले, "पथ्य दिलंय. तिखट कमी, आणि वेगळं झोपायचं."

आता पथ्य म्हटलं की आम्ही बायका कुठे प्रश्न विचारतो? बाळंतपणाचं, काविळीचं, सगळी पथ्यं पाळून म्हातारी झाले मी. ओटीवर त्यांची खाट टाकून दिली. जाऊ चिडवायची, "काय गो, या वयात भांडलात का?"

"पथ्य हाय," मी सांगायची. अगदी ठसक्यात.

चाळीस वर्षं हा माणूस माझ्या पाठीवर हात टाकून झोपलेला. दीड वर्ष मी पाठीशी उशी लावून काढलं, पण तक्रार केली नाही. कॅन्सर परत येऊ नये, एवढंच डोक्यात.

मग मीच घोळ घातला. पालघरला तपासणीला गेलो, रिपोर्ट चांगला आला. त्या आनंदात मी नर्सबाईंसमोरच विचारलं, "डॉक्टर, वेगळं झोपायचं पथ्य आता सुटेल ना?"

"कसलं पथ्य?" डॉक्टरांनी ह्यांच्याकडे पाहिलं, नि आवाज खाली आणला. "आजी, या ऑपरेशनात नसा दुखावतात. मग ताठरता येत नाही. बऱ्याच जणांचं होतं, त्यावर उपायही आहेत. पण वेगळं झोपा, असं मी नव्हतं सांगितलं."

हे फाइलची नाडी बांधत बसले. बांधलेलीच होती ती.

एसटीत बसलो, सरावली गाव मागे पडलं. मग खिडकीकडे बघत म्हणाले, "चारचौघांत विचारायची काय गरज होती?"

"मला काय म्हाईत? तुमीच बोललात पथ्य हाय." आणि मग हळूच म्हटलं, "अहो, मला बाकी काय नको. हात टाकलात तरी पुरे."

"हात टाकला का पुढचं आठवतं," ते म्हणाले.

डॉक्टरांनी त्यासाठी लिहून दिलेलं औषध ह्यांनी मला आणू दिलं नाही. खाट ओटीवरच आहे. हल्ली दुपारी मी निवडायचे तांदूळ घेऊन त्यांच्या खाटेशी जाऊन बसते. उठून जात नाहीत, एवढंच.