चौकटीवरचे दोन डाग

पद्मा गेल्याचा निरोप आमच्या संघाच्या जुन्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला, तेव्हा मी साताऱ्यात ऑफिसात होते. सकाळीच हृदयविकाराचा झटका आला होता. लाज वाटते लिहायला, पण माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते एवढंच... आता सांगायचं राहिलं.

पद्मा आमच्या सांगलीच्या हँडबॉल संघाची गोलकीपर. हातमोजे न घालता चेंडू छातीवर, तोंडावर घ्यायची. सामन्याआधी गोलच्या दोन्ही खांबांवर तळवा थापटायची. घराबाहेर पडतानाही दाराच्या चौकटीला तसंच. तिच्या सासूबाई म्हणायच्या, "आगं, दार काय पळून जातंय व्हय?"

राज्य स्पर्धेच्या अंतिम सामन्यात बरोबरी होती, अर्धं मिनिट उरलं होतं. घाबरून मी बचाव करताना आमच्याच गोलक्षेत्रात पाय टाकला आणि समोरच्यांना सात मीटरचा थ्रो, म्हणजे पेनल्टी, मिळाला. तिथे गोलकीपर एकटीच असते. पद्माने खांब थापटले, चेंडू नडगीवर अडवला, उचलला आणि पुढे धावत सुटलेल्या मला लांबून फेकला. मी गोल केला. पेपरात फोटो माझा, खेळाडू कोट्यातली नोकरीही माझी. पद्मा कुपवाडच्या कारखान्यात लागली. पुढे साताऱ्यात माझा सत्कार झाला, तेव्हा मी गोष्ट सुरू केली ती चेंडू माझ्या हातात आल्यापासून. पद्मा एसटीने आली होती, तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती.

"चुकलंच गं माझं," मी नंतर म्हणाले.

"चुकलं काय त्यात? गोल तूच केलास की."

ती कुपवाडच्या मैदानावर मुलींना हँडबॉल शिकवायची. एखाद्या रविवारी येऊन त्यांना सगळं खरं सांगते, असा शब्द मी दिला. "ये की, कवा बी ये," ती म्हणाली. त्याला चार वर्षं झाली. प्रत्येक रविवारी मला काहीतरी काम निघायचंच, म्हणजे मीच काढायचे.

ती गेल्यावर दोन आठवड्यांनी तिच्या घरी गेले. ती शिकवायची त्या मुली अंगणात बसल्या होत्या. त्यांना मी माझ्या चुकलेल्या पायापासून सगळं सांगितलं. त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं, पद्माने फक्त माझा गोल सांगितला होता.

एक जण म्हणाली, "म्हंजे तुमीच साताऱ्याच्या ताई? मॅडम रविवारी लय वेळ थांबवून ठेवायच्या आमाला. ताई यायच्यात म्हणायच्या."

मी उठून आत तिच्या सासूबाईंना भेटले. बाहेर पडताना चौकटीवर खांद्याच्या उंचीला दोन काळपट डाग दिसले, एक डावीकडे, एक उजवीकडे. हात तिथवर गेला, आणि मी तो मागे घेतला.