शहिदाच्या शर्टातला फॉल्ट

"रोक! रोक! माल बाहेर जातोय!"

भरलेल्या थिएटरात, भर दुपारच्या शोला, पडद्यावर एक मेजर देशासाठी प्राण सोडत असताना कुणीतरी ताडकन उभं राहून असं ओरडलं. ते कुणीतरी म्हणजे मी. (पहिले दोन सेकंद मी स्वतःही मागे वळून पाहिलं, कोण गाढव आहे म्हणून.)

"बठा ना खाले!" बायकोने माझा शर्ट ओढला. ती घाबरली की थेट अहिराणीवर येते. "काय व्हई गयं तुमले? लोके देखी राह्यनात!"

लोक बघत होतेच. पण मला धास्ती एकाच माणसाच्या बघण्याची होती. तो माझ्या शेजारच्या खुर्चीत बसला होता आणि माझ्या मुलीचं लग्न त्याच्या खिशात होतं.

हे प्रकरण इथवर कसं आलं ते सांगतो. मी सुरतेत, बमरोलीच्या एका प्रिंट मिलमध्ये कापड तपासतो. छापून आलेला प्रत्येक ताका, म्हणजे कापडाची ती लांबलचक घडी, टेबलावरून माझ्या डोळ्यांसमोर पळत जातो. डाग, भोक, सरकलेला रंग, काहीही दिसलं की मी ओरडतो, "रोक!" मशीनवरचा माणूस बटण दाबतो, कापड जागच्या जागी थांबतं. बावीस वर्षं हेच काम. आता हा शब्द माझ्या तोंडातून निघत नाही, डोळ्यांतून परस्पर सुटतो. एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना मला अंतरपाटावर तेलाचा डाग दिसला होता. भटजी 'शुभमंगल'वर थांबले ते थांबलेच. त्या जोडप्याचा मुहूर्त माझ्यामुळे हुकला असं लोक म्हणतात. (सुखात आहेत दोघं. एका शब्दाने माझे आभार मानत नाहीत.)

तर माझी मुलगी कोमल. तिला बारडोलीच्या साखर कारखान्यातल्या संदीपचं स्थळ आलं. मुलगा केमिस्ट, स्वभावाने गोड, कारखान्याचा परिणाम असावा. दोघं पहिल्याच भेटीत आपसांत गुजरातीत बोलून हसायला लागली, तेव्हा आम्ही पेढे आणायला माणूस पाठवलासुद्धा. पण मुलाच्या वडिलांनी हात वर करून पेढे थांबवले. हे गृहस्थ फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, राहणार अमळनेरकडच्या एका खेड्यात. ते म्हणाले, "दोन दिवस तुमच्याकडे राहीन. माणसं बघीन. मग सांगीन."

आले. राहिले. आमच्या गोडादऱ्यातल्या दोन खोल्यांत तो माणूस दोन दिवस पाठीचा कणा सरळ ठेवून बसला होता. बोलायचे फक्त "हं". भाजी आवडली का? "हं." रात्री शेजारच्या लूमचा, त्या यंत्रमागांचा, खडखडाट फार होतो का? "हं." त्या 'हं'चा अर्थ लावता लावता बायकोचं वजन उतरलं. मी मात्र गल्लीत सांगून टाकलं होतं की यांनी एकट्याने एक अख्खी टेकडी जिंकली आहे. (त्यांनी मला तसं सांगितलं नव्हतं. पण नाही असंही सांगितलं नव्हतं!)

दुसऱ्या दिवशी त्यांना खूश करायला मीच युक्ती काढली. युद्धावरचा एक अवाढव्य सिनेमा लागला होता. संदीपलाही बारडोलीहून बोलावून घेतलं. बर्फसुद्धा म्हणे परदेशातून आणलं होतं. आणि खरी गंमत ही की त्या सिनेमातल्या फौजेच्या वर्दीचं कापड आमच्या मिलमधून छापून गेलं होतं! हे मी सुभेदारांना चहाबरोबर सांगितलं, पोह्यांबरोबर सांगितलं आणि रिक्षात दोनदा सांगितलं.

"साहेब, बावीस वर्षांत माझ्या टेबलावरून फॉल्टवाला एक वीत कापड बाहेर गेलेलं नाही! दगा म्हणून नाही आपल्याकडे. जे आहे ते तोंडावर."

"हं," सुभेदार म्हणाले.

सिनेमा सुरू झाला आणि थिएटरात दोन फौजा पडल्या. पुढच्या रांगेत एक टोपीवाले काका प्रत्येक डायलॉगला उठून कडक सलाम ठोकत होते. त्यांच्या शेजारची कॉलेजची पोरं "बहु लांबुं छे, यार!" म्हणून कण्हत होती. आमच्या मागे एक शेठ तोफांच्या आवाजावर आवाज चढवून फोनवर "माल मोकली दे ने, भाई!" करत कुणाला तरी माल पाठवायला सांगत होता. माझी बायको पहिल्याच सीनपासून रडायला लागली, कारण मेजरची आई डब्यात लाडू भरत होती.

"मम्मी, अजून कुणी मेलं नाहीये," कोमल कुजबुजली.

"मरणार आहे ना पण!"

"आणि ते रणगाडे कॉम्प्युटरवरचे आहेत," संदीपने माहिती पुरवली.

सुभेदार दगडासारखे बसले होते. मी सिनेमा कमी आणि त्यांचा चेहरा जास्त बघत होतो. आवडतोय? चीड येतेय? उठून जातील? पडद्यावर पूल उडाला, गाव जळलं, त्यांची पापणी हलली नाही. माझ्या तळहातांना मात्र असा घाम फुटला होता की पॉपकॉर्नचा पुडा विरघळायला आला.

आणि मग शेवटचा हल्ला. मेजरला गोळी लागली. गाणं थांबलं, तोफा थांबल्या, मागच्या शेठचा फोनसुद्धा थांबला. मेजर बर्फावर आडवा पडला आणि कॅमेरा हळूहळू त्याच्या छातीवर आला.

डावा खिसा!

हिरवा रंग तपकिरीवरून सरकलेला आणि मधून पांढरी रेघ! टेबलावर ती दोऱ्याएवढी असेल, पण त्या पडद्यावर ती उधना-मगदल्ला रस्त्याएवढी रुंद दिसत होती. माझं कापड! माझ्या हाताखालून, माझ्या डोळ्यांदेखत, माझ्या शिक्क्यानिशी गेलेलं! आणि डोळ्यांतून ते परस्पर सुटलंच. "रोक! रोक! माल बाहेर जातोय!"

आता कुठल्याही शहाण्या गावात असा माणूस ओरडला तर लोक त्याला खाली बसवतात आणि सिनेमा पुढे जातो. पण हे सुरत. इथला दर दुसरा माणूस कधी ना कधी मिलमध्ये राबलेला. वर सिनेमाचं मशीन चालवणाऱ्याच्या कानावर 'रोक' पडलं असणार आणि त्याचा हात आपोआप बटणावर गेला असणार. सिनेमा खटकन थांबला. दिवे लागले. मेजर तोंड उघडं ठेवून जीवन-मरणाच्या मध्ये लटकला.

"कोण आहे तो? शहिदाचा अपमान करतोय!" टोपीवाले काका गरजले.

"बंद झालं? देवाची कृपा!" कॉलेजची पोरं टाळ्या वाजवायला लागली.

"टाळ्या कसल्या वाजवता रे?" दहा-बारा माणसं बाह्या सरसावून उठली. अर्धं थिएटर पोरांवर धावलं, अर्धं माझ्यावर. थिएटरचा माणूस टॉर्च घेऊन आला आणि दिवे लागलेले असूनही त्याने तो माझ्या तोंडावर मारला.

"काका, आप चिल्लाये?"

"हां."

"क्यूं?"

सुभेदारांनी सावकाश मान वळवून माझ्याकडे पाहिलं. पलीकडे कोमलचा चेहरा पांढरा पडला होता, त्या रेघेपेक्षाही पांढरा. खरं सांगावं, तर बावीस वर्षांची फुशारकी याच टॉर्चखाली उघडी पडते. न सांगावं, तर लोक मारतात. मी डोळे मिटले आणि आवाजात हुंदका घातला.

"नहीं देखा गया, भाई! अपना जवान मर रहा है… मेरे मुंह से निकल गया, रोको!"

टोपीवाल्या काकांचा ओठ थरथरला. मी वाचलो असं वाटतंय तोच मागून तो शेठ म्हणाला, "पण तमे 'माल' केम बोल्या? में मारा काने सांभळ्युं, माल!"

सगळं थिएटर पुन्हा माझ्याकडे वळलं. अंगातलं रक्त गोठणं म्हणजे काय ते मला परदेशी बर्फाशिवाय कळलं.

"माल नाही, शेठ!" मी किंचाळलो. "लाल! भारतमातेचा लाल! लाल चाललाय आपला!"

टाळ्यांनी थिएटर कोसळलं! टोपीवाल्या काकांनी खुर्च्या ओलांडून मला मिठी मारली. घोषणा झाल्या. ज्यांना सिनेमा आवडला नव्हता त्यांनाही मी आवडलो. सिनेमा पुन्हा सुरू झाला, मेजर दुसऱ्यांदा मेला, आणि या वेळी सगळे पडद्याऐवजी माझ्याकडे बघत होते. मग काय करता? मी असा ओक्साबोक्शी रडलो की मेजरची आई पडद्यावर त्यामानाने कोरडीच वाटली.

सुभेदारांनी मला त्यांचा रुमाल दिला.

आम्ही घरी आलो. अमळनेरची गाडी संध्याकाळची होती. बायकोने वरण-बट्टी वाढली, सुभेदार जेवले, हात धुतले, पिशवी भरली. कोमल दाराआड, संदीप दाराबाहेर. पिशवीची चेन लागली, तसा माझा धीर सुटला.

"साहेब, मग… काय ठरवलंत?"

"डाव्या खिशावर हिरवा सरकलाय," सुभेदार म्हणाले.

"तुम्हाला… दिसला?"

"पहिल्या गाण्यातच. तुम्हाला फार उशिरा दिसला."

"पण साहेब, तुम्ही तर लढाईवर…"

"वर्दीच्या गोदामात होतो. अठ्ठावीस वर्षं. आलेलं कापड तपासून आत घ्यायचो."

मी गल्लीभर त्यांना जिंकायला लावलेली टेकडी त्या क्षणी शत्रूने परत घेतली. बायकोने माझ्याकडे असं पाहिलं, की मेजर सुटला बिचारा, त्याला एकच गोळी लागली होती. मग तिनेच पदर सावरून विचारलं, "आन् पोरेसनं काय, दादा?"

सुभेदारांनी पिशवी खांद्यावर घेतली.

"लग्न पक्कं. बस्ता मी तपासून घेईन."