राणी सॉ – पाहा: नवरा

१९८४च्या ऑक्टोबरात, एका गुरुवारी भर दुपारी, अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावच्या विद्यापीठाच्या लायब्ररीत ब्रह्मदेशाच्या राणी सॉवर अन्याय झाला. तिच्या नावाचं कार्ड कॅटलॉगच्या खणातून काढून कचऱ्यात टाकलं गेलं. राणीला जाऊन सातशे वर्षं झाली होती, असं कुणी म्हणेल. मग? सातशे वर्षांनी अन्याय शिळा होतो का?

ज्यांनी ते कार्ड टाइप केलं होतं, त्या काकू ते टाकणाऱ्या आमच्या अमेरिकन साहेबीणबाईंकडे बघून गोड हसल्या आणि चक्क मराठीत म्हणाल्या, “टाक बाई, टाक. मी परत करते.”

काकूंचा जन्म रंगूनचा, म्हणून बर्मी पुस्तकांची कार्डं त्यांच्याकडे. मी तासावारी काम करणारी विद्यार्थिनी. कार्डं अक्षरवार लावायची. राणीबद्दल काकू शेजारणीबद्दल बोलावं तसं बोलत. तिचा दुसरा नवरा रोज तीनशे कालवणं खातो असं शिलालेखात कोरून मिरवायचा. “तीनशे!” काकू म्हणत. “आणि भांडी?” शत्रू आला तेव्हा हाच राजा पळाला. प्रजेला छळलंस म्हणून ही वेळ आली, हे त्याला तोंडावर सांगणारी एकटी राणी.

कॅटलॉगचा नियम असा, की राजाच्या बायकोची नोंद राजाच्या नावाखाली. पण हिचे नवरे दोन, दोघेही राजे. त्यामुळे पहिल्याच्या कार्डावर ‘राणीसाठी दुसरा पाहा’ आणि दुसऱ्याच्या कार्डावर ‘राणीसाठी पहिला पाहा’. वाचकानं नुसत्या येरझाऱ्या घालायच्या. काकू डबा खाता खाता नवं कार्ड टाइप करत, बाई ते काढत. असं पाच वेळा झालं.

मला राहवेना. मी पत्रक काढलं: ‘राणी सॉला मुक्त करा!’ कॅम्पसच्या प्रत्येक बसथांब्यावर चिकटवलं. शतक लिहायचं तेवढं राहिलं. दुसऱ्या दिवशी अकरा पोरं मेणबत्त्या घेऊन हजर. राणी कुठल्या तुरुंगात आहे, विचारायला लागली.

मी तोंड लपवत होते. काकू उठल्या. “या, दाखवते तुरुंग,” म्हणाल्या आणि खण उघडला.

अकराही जण पहिल्या नवऱ्याकडून दुसऱ्याकडे आणि परत असे फिरले. गलका ऐकून बाई आल्या, स्वतः दोन फेऱ्या मारल्या आणि खुर्चीत बसल्या. शेवटी म्हणाल्या, “ओके. टाइप इट.”

काकूंनी पर्समधून सहावं कार्ड काढून दिलं.

यंदा मार्चमध्ये काकू गेल्या. इथल्या आपल्या मराठी मंडळाच्या अंकात बातमी आली, तीत नवऱ्याचं नाव, हुद्दा, गाव, सगळं होतं. काकू म्हणजे ‘यांच्या पत्नी’. मी चिडून संपादकांना पत्र लिहायला बसले आणि अडले. काकूंचं नाव मलाही माहीत नव्हतं. पाच वर्षं मी ‘काकू’ म्हणत होते.

क्युपर्टिनोला त्यांच्या मुलाला फोन केला. कागदोपत्री आहे ते नाव सासरचं, लग्नात बदललेलं, एवढं त्यानं सांगितलं. रंगूनमध्ये त्यांना काय हाक मारत? “आय नेव्हर आस्क्ड,” तो म्हणाला.

वाचकहो, हळहळू नका. आज घरी गेलात की आईला फोन लावा, तिचं लग्नाआधीचं नाव विचारा आणि लिहून ठेवा.