गावच्या जावयाला ओव्हरटेक

पिंपळगाव रेणुकाई ही माझी सासुरवाडी. गावाला जावई पुष्कळ आहेत, पण त्या दिवशी मैदानावर हजर असलेला मी एकटाच होतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचा सगळा घोळ त्यातून झाला.

मी जालन्यात बियाण्यांच्या कंपनीत नोकरीला. चाळिशी उलटल्यावर मी एक लालभडक मोटारसायकल घेतली, तीही सेकंडहँड आणि तीही बायकोला न विचारता. आठवडा गेला. मग एका संध्याकाळी भाकरी थापता थापता तिने निकाल दिला. तिच्या भावाने जाफराबाद रोडला ट्रॅक डे ठेवला होता, म्हणजे बंद जागेत, नियमाने, मनसोक्त गाडी पळवायचा दिवस. पुण्याहून शिकवणारा येणार होता. त्या माणसाने मी गाडी सुरक्षित चालवतो असं म्हटलं तर गाडी घरात राहील, नाही म्हटलं तर पोळ्याच्या आत विकायची. मी लगेच कबूल झालो. माझ्या चालवण्याबद्दल मला तरी काही शंका नव्हती.

ट्रॅक म्हणजे एक प्लॉटिंग होतं. कमान झाली होती, आतले डांबरी रस्ते झाले होते, विजेचे खांबही उभे होते, फक्त घरं बांधायला अजून कुणी आलं नव्हतं. कुणी धडकलंच तर हाडं शाबूत राहावीत म्हणून मेहुण्याने खांबांना सोयाबीनच्या कुटाराची, म्हणजे मळणीनंतरच्या भुशाची, पोती बांधली होती. ही सुरक्षा शेजारच्या शेळ्यांना फार आवडली, आणि दिवसभर एक माणूस नुसता शेळ्या हाकायला ठेवावा लागला.

झेंडे सासूबाईंच्या ट्रंकेतून आले. ओटीत आलेले ब्लाउज पीस कुणी शिवत नाही, ते या ओटीतून त्या ओटीत फिरत राहतात. त्यातले तीन निवडून मेहुण्याने काठ्यांना बांधले. पिवळा दिसला की जपून, लाल दिसला की थांबायचं, आणि निळा दिसला की समजायचं, मागून वेगवान गाडी येतेय, तिला जाऊ द्या. हे तिन्ही झेंडे मोठ्या वळणावर माझ्या सासऱ्यांच्या हाती दिले होते. त्यांना मी मामा म्हणतो. मामांनी त्या दिवशी कडक इस्त्रीचं धोतर नेसलं होतं.

शिकवणारा काटकुळा, तिशीतला आणि तापट होता. मीही तापटच, त्यामुळे आमचं जमेल असं मला वाटलं. सकाळी मला आणि गावातल्या पोरांना झाडाखाली बसवून त्याने नियम सांगितले. हेल्मेटचा पट्टा त्याने स्वतः प्रत्येकाच्या हनुवटीखाली बोट घालून तपासला. एकजण चपला घालून आला होता, त्याला परत पाठवलं, तर तो लग्नातले बूट घालून आला. हॉर्न अजिबात वाजवायचा नाही म्हटल्यावर मंडळींत नाराजी पसरली, कारण मग समोरच्याला कळणार कसं, हा प्रश्न कुणाकडूनच सुटेना. पुढे जायचं तर सरळ रस्त्यावर, वळणावर नाही, आणि मधे चांगली दोन हात जागा मोकळी सोडून. बाहेर पडायचं असेल तर हात वर करायचा. आरशांवर चिकटपट्टी लावायची आणि मागे वळून बघायचं नाही, मागच्याची काळजी मागचा घेईल. हा शेवटचा नियम मला फारच पसंत पडला.

सकाळच्या फेऱ्यांना मेहुण्याने मला आग्रहाने पुढे काढलं. मी निघालो आणि काय सांगू, शेवटपर्यंत पुढेच राहिलो. कुणाची टाप नव्हती माझ्यापुढे जायची. मागून गाड्यांचा नुसता घरघराट येई आणि मला वाटे, बिचारे जीव तोडून राहिलेत, पण गाठता येत नाही. मोठ्या वळणावर मामा दिसले की ते काठ्या काखेत दाबून मला हात जोडत. मीही दरवेळी अदबीने मान लववी. मनातल्या मनात मी गाडीसाठी नवं सीट कव्हर पसंत करायला लागलो होतो.

जेवायच्या आधी शिकवणाऱ्याने मोबाईलवर काढलेला व्हिडिओ सगळ्यांना दाखवला. त्यात सर्वांत पुढे मी होतो, बैलगाडीच्या बेताने. माझ्यामागे झाडून सगळ्या गाड्या एका ओळीत, पाय जमिनीला टेकवत, ब्रेक दाबत, एकमेकांवर आदळता आदळता वाचत येत होत्या. एकजण तर जागा न उरल्यामुळे कुटाराच्या पोत्यात शिरला होता आणि तिथून शेळ्या पळताना दिसत होत्या. लग्नाची वरात यापेक्षा जोरात जाते. मी पाणी प्यायला म्हणून उठलो, पण घागर शिकवणाऱ्याच्या मागेच होती.

त्याने सगळ्यांना फैलावर घेतलं. हळू चालवणं हा गुन्हा नाही, म्हणाला, पण हळू माणसामागे असं गर्दी करून राहणं धोक्याचं आहे, रस्ता मोकळा असताना पुढे का जात नाही? सगळे आपापल्या बुटांकडे बघत होते. मग तो मामांकडे वळला आणि निळं फडकं एकदाही का दाखवलं नाही असं विचारलं.

मामांनी टोपी सारखी केली आणि म्हणाले, "साहेब, ते गावचे जावई हायेत. इतकी वरसं झाली, जेवताना पाटावरून जरा सरका म्हणलं न्हाई त्यांना. आता भर रस्त्यात बाजूला व्हा कसं म्हणू?"

मला राग आला, आणि कुणाचा ते कळेना. इतकी वर्षं मी सासुरवाडीला आलो की चौकातली पोरं गाड्या बाजूला घेतात, तेव्हा मला वाटायचं, माझ्यात काहीतरी आहे.

जेवणानंतर शिकवणाऱ्याने ताकीद दिली की जो पुढे जाणार नाही तो घरी जाईल. मला सांगितलं, तुम्ही फक्त आपली वाट सोडू नका, म्हणजे डावीउजवीकडे सरकू नका, बाकी काही करू नका. आम्ही निघालो. सरळ रस्त्यावर एकजण कसाबसा माझ्या बरोबरीला आला, हेल्मेटची काच वर केली आणि विचारलं, "दाजी, जाऊ का म्होरं?" मी म्हटलं, जा की. तर तो लाजून म्हणाला, "न्हाई न्हाई, तुम्ही व्हा," आणि परत मागे गेला. दुसऱ्याने तेच केलं, वर चहा घेतला का म्हणून विचारपूसही केली. शिकवणारा मैदानाच्या मधोमध डोकं धरून खाली बसला. मग त्याने सगळ्यांना थांबवलं आणि बघणाऱ्यांसाठी घातलेल्या मांडवाकडे तोंड करून विचारलं, की या गृहस्थांचा मान न ठेवणारं इथं कुणीच नाही का?

मांडवात सासूबाईंशेजारी माझी बायको शेंगा सोलत बसली होती. तिने ओंजळ झटकली आणि उठली.

तिने भावाची गाडी घेतली, भावाचं हेल्मेट घातलं, भावाचं जाकीट घातलं, त्याचे बूट सैल झाले म्हणून दोन जोड मोजे चढवले. शिकवणाऱ्याने तिचा पट्टा तपासला आणि आधी तिला एकटीला दोन फेऱ्या मारायला लावल्या. मी म्हटलं, अहो, तिला कुठं ही गाडी येते, ती स्कूटीवाली. मेहुणा हळूच म्हणाला की कॉलेजात असताना भोकरदनच्या डेअरीला दूध तीच घालत होती, मोटारसायकलच्या मागं दोन कॅन बांधून, रोज. हे मला आमच्या लग्नाच्या एवढ्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. नंतर तिला विचारलं तर म्हणाली, तुम्ही कधी विचारलं?

आम्ही पुन्हा सुटलो. मी पुढे, वरात मागे, आणि सगळ्यांत मागे ती. मोठ्या वळणाशी आलो तेव्हा मामा नेहमीसारखे उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, हात जोडायला म्हणून काठ्या काखेत घेतल्या, मग त्यांची नजर माझ्या मागे लांब गेली. आणि मामांनी निळी काठी काढली. आधी जराशी, मग खांद्याच्या वर, मग पार टोपीच्या वर नेऊन दोन्ही हातांनी हलवली. मी इतका हळू होतो की त्यांचा शब्द न् शब्द ऐकू आला.

"जावईबापू, जरा बाजूला व्हा. माझी लेक येऊन राह्यली."

मी वाट सोडली नाही. मागे वळून बघितलं नाही. वळण संपल्यावर सरळ रस्ता लागला तसा ॲक्सिलरेटरवरचा हात सैल केला, आणि ती सगळी वरात मागे टाकून माझ्या उजवीकडून, चांगले दोन हात मोकळे सोडून, निघून गेली. जाता जाता एक हात जरासा वर केला. खरं सांगतो, मला हेवा वाटला आणि त्याहून जास्त, फार छान वाटलं. मामा तोपर्यंत कुठला झेंडा ते विसरून तिन्ही काठ्या नाचवत होते, आणि मागचे सगळे पिवळा की लाल या गोंधळात थांबले होते.

संध्याकाळी शिकवणाऱ्याने मला बाजूला घेतलं. म्हणाला, तुम्ही सुरक्षित चालवता यात वाद नाही, पडायलासुद्धा थोडा वेग लागतो. आणि झेंडा दिसल्यावर जे करायचं ते तुम्ही आज सगळ्यांत चांगलं केलंत. मी हे त्याला बायकोसमोर पुन्हा एकदा म्हणायला लावलं. अट अटच असते.

ती म्हणाली, "मंग विकायची कशाला? चांगली गाडी हाय."

निघताना मामांनी रिवाजाप्रमाणे मला टॉवेल-टोपी केली आणि माझ्यासाठी अंगण मोकळं करायला लावलं. सासूबाईंनी लेकीची ओटी भरली. ब्लाउज पीस निळा होता, एका टोकाला काठीच्या खिळ्याचं भोक पडलेला. तो पुढे कुणाच्या ओटीत गेला नाही, तिने त्याचं ब्लाउजच शिवलं.

गाडी घरातच आहे. मी बायकोची स्कूटी घेऊन कामावर जातो. कधीमधी सकाळी अंबड चौफुलीच्या पुढे मागून ओळखीचा आवाज येतो. मी वळून बघत नाही, वाट सोडत नाही, हात तेवढा सैल करतो. लाल गाडी दोन हात मोकळे सोडून जाते आणि जाता जाता एक हात जरासा वर होतो.