आलीस का गं परत?

नायगावच्या आमच्या चाळीखाली बुद्धविहार होता. रविवारी सकाळी बाबा मला तिथं शेजारी बसवायचे. वंदना झाली की डोळे मिटायचे आणि श्वास बघायचा. बघतेय कसलं डोंबल! वरून कुणाच्या तरी तव्यावरच्या बोंबलांचा वास यायचा, की मी गेलेच जेवायला. बाबांना मिटल्या डोळ्यांनी ते कसं कळायचं, कोण जाणे. कानाशी येऊन हळूच विचारायचे, "आलीस का गं परत?" रागावले मात्र कधीच नाहीत. "मन जाणारच, बाय. परत यायचं तेवढं आठवलं की झालं."

पुढे तेच माझं पोटापाण्याचं काम झालं. मन भरकटतं कसं आणि भरकटलंय हे त्याचं त्यालाच कळतं कसं, याचं गणित मी मांडते. कागदावर तीन गोल असतात. एक श्वासाचा, दुसरा भटकण्याचा, तिसरा 'अरेच्चा, मी कुठे गेले होते!' या क्षणाचा. माणसाला ध्यानाला बसवून हातात बटण द्यायचं. मन गेल्याचं लक्षात आलं की त्यानं ते दाबायचं. त्यावरून आम्ही गोलांमधली ये-जा मोजतो.

गेल्या वर्षी हौसेनं बाबांनाच बसवलं. चाळ पाडून टॉवर झालाय, त्यातल्या आमच्या नव्या हॉलमध्ये. अर्ध्या तासात त्यांनी एकदाही बटण दाबलं नाही. गणिताच्या हिशेबी मन जागचं हललंच नव्हतं. मी हरखलेच! "बाबा, तुम्ही म्हणजे कमाल आहात!"

त्यांनी हातातल्या बटणाकडे पाहिलं. "हे कशाला दिलं होतंस गं?"

पुढे डॉक्टरांनी जे सांगितलं ते मला त्याच क्षणी कळलं होतं. तिसरा गोल पुसला जायला लागला होता.

आता रविवारी आम्ही दोघं बटणाबिटणाशिवाय बसतो. मध्येच ते छापखान्यातल्या जुन्या सोबत्यांशी बोलायला लागतात. मी विचारते, "बाबा, आलात का परत?" कधी येतात, कधी नाही.

परवाच्या रविवारी सकाळपासून ते मला ताई म्हणत होते, म्हणजे आत्या समजत होते. मी ध्यानाला बसले, पण श्वास कुठला बघणार? उद्या मला ओळखलंच नाही तर, एवढंच डोक्यात. फार भीती वाटत होती. तेवढ्यात कानाशी आवाज आला.

"आलीस का गं परत?"

त्यांचे डोळे मिटलेलेच होते. मी त्यांचा हात घट्ट धरला.

"आले, बाबा. तुम्ही जाऊ नका."